दीडशे डॉलरमध्ये सीनियर फोटो: न्यू जर्सीतल्या एका घरचं प्रकरण

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ताईचा फोन आला. विजेचं बिल चुकून दुप्पट आल्यावर माणूस जसा बोलतो, तसा तिचा आवाज. "अरे, फोटोचे साडेचारशे डॉलर मागतायत. नुसत्या फोटोचे!"

ताई, दाजी आणि माझी भाची एडिसनला राहतात, मी तिथून वीस मिनिटांवर. भाची सप्टेंबरमध्ये बारावीत जाणार होती. अमेरिकेत हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं, आणि शेवटच्या वर्षातल्या मुलांना सीनियर म्हणतात. त्या वर्षी प्रत्येकाचा 'सीनियर पोर्ट्रेट' काढायची इथे जुनी रीत आहे. १९व्या शतकाच्या मध्यावर मॅसॅच्युसेट्समधला जॉर्ज वॉरन नावाचा छायाचित्रकार हार्वर्डसारख्या कॉलेजांतल्या मुलांचे फोटो काढून विकायचा. मुलं ते आपापसांत वाटून घ्यायची, त्यांचे आल्बम बांधून घ्यायची. आजच्या इयरबुकचं, म्हणजे वर्षातल्या सगळ्या मुलांचे फोटो असलेल्या शाळेच्या पुस्तकाचं, मूळ तिथपर्यंत नेतात. आपल्याकडे दहावीच्या सेंड-ऑफला पुढे खुर्च्यांवर सर आणि बाई, मागे बाकांवर उभी पोरं, असा एकच ग्रुप फोटो निघतो आणि त्यात नेमके आपले डोळे मिटलेले असतात. इथे प्रत्येकाचा वेगळा फोटो, आणि तो भिंतीवर लागतो, नातेवाइकांच्या फ्रिजवर चिकटतो, ग्रॅज्युएशनच्या निमंत्रणावर छापला जातो.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. फोटोग्राफी ही हौस, तीही मंडळाच्या गणपतीपुरती. माझ्याकडे दहा वर्षांचा जुना कॅनन रिबेल टी६आय आहे, भारतात जो ७५०डी म्हणून विकला गेला तोच. ताईला म्हटलं, "आपण काढू." पलीकडून भाची ओरडली, "आपण नाही. माझे मी काढणार!" दाजींनी मागून दीडशे डॉलरची मर्यादा घातली आणि फोन ठेवला. पुढे तीन महिने जे चाललं ते लिहून ठेवतोय, कारण पुढच्या वर्षी माझ्या दोन मित्रांच्या घरी ताईला आलं तसंच स्टुडिओचं पाकीट येणार आहे आणि त्यांची विचारणा आत्ताच सुरू झाली आहे.

पाकीट आणि त्यातली बारीक अक्षरं

ते पाकीट शाळेनं ठरवलेल्या स्टुडिओचं होतं. गुळगुळीत कागद, हसरी मुलं, उद्गारचिन्हांचा पाऊस. फोटोंचे पाच संच, सर्वांत स्वस्त तीनशेच्या वर. वाचणाऱ्याला वाटावं की यातला एक घेतला नाही तर पोरगी इयरबुकातून गळणार. ताईला तसंच वाटलं होतं.

टेस्टिंगवाल्याला बारीक अक्षरं वाचायची खोड असते. शेवटच्या पानावर, फिकट करड्या शाईत एक ओळ सापडली: इयरबुकसाठीची बैठक (म्हणजे फोटो काढून घेणं) मोफत, संच घेणं ऐच्छिक. व्यवहार असा असतो. शाळा एका स्टुडिओला काम देते, स्टुडिओ इयरबुकचे फोटो फुकट काढून देतो आणि खर्च पालकांना संच विकून वसूल करतो. यात लबाडी नाही, पण ती ओळ पहिल्या पानावर छापायला त्यांना कोणी अडवलं होतं?

म्हणजे फोटो दोन होते. एक इयरबुकचा, जो आमच्या शाळेत त्याच स्टुडिओकडून काढावा लागतो. सगळ्यांचा एकसारखा दिसावा म्हणून मुलींना ड्रेप घालतात. खांद्यांवरून घ्यायचं काळं मखमली कापड, पाठीमागून आवळलेलं. मुलांचा टक्सिडोसुद्धा समोरून खरा आणि मागून उघडा, म्हणजे एकाच्या अंगावरून काढून मिनिटाभरात दुसऱ्याला चढवता येतो. भाची जाऊन दहा मिनिटांत आली. खर्च शून्य. तिथल्या बाईंनी ताईला पडद्यावर आठ पोझ दाखवून "यातल्या कुठल्या घेणार?" असं विचारलं. "घरी विचारून सांगते," ताई म्हणाली. हे वाक्य तिनं सांगलीच्या कापड पेठेत कमावलेलं आहे, ते कुठेही चालतं.

काही शाळा इयरबुकसाठी स्वतः काढलेला फोटोही घेतात. मग त्यांचे नियम असतात: उभी चौकट, डोकं आणि खांदे, साधी पार्श्वभूमी, छपाईला पुरेल एवढी मोठी फाइल. मित्रांना मी एवढंच सांगितलंय की कॅमेऱ्याला हात लावण्याआधी शाळेला ईमेल करा.

दुसरा फोटो घरचा. तो कोण काढतो याच्याशी शाळेला देणंघेणं नसतं. साडेचारशे डॉलर मागितले जात होते ते या दुसऱ्या फोटोसाठी.

हे कळल्यावर आम्ही गरज लिहून काढली. भिंतीसाठी एक मोठा, दोन्ही आज्यांसाठी एकेक, मैत्रिणींना वाटायला पाकिटात मावणारे छोटे, आणि इयरबुकच्या मागच्या पानांवर पालक पैसे भरून जी शुभेच्छांची जाहिरात देतात तिच्यासाठी एक फाइल. त्या जाहिरातीत मुलांचे बाळपणीचे, शक्यतो मुलं लाजतील असे फोटो टाकायची प्रथा आहे. ताईनं जावळाचा फोटो आधीच काढून ठेवला होता.

पहिला प्रयत्न

ऑगस्टच्या मध्यातला रविवार, एडिसनचा रूझवेल्ट पार्क, दुपारचा एक. जेवण झालं होतं, सगळे मोकळे होते, म्हणून ती वेळ. यापेक्षा वाईट वेळ शोधूनही सापडली नसती. उन्हाळ्यात इथे घड्याळं तासभर पुढे असतात, त्यामुळे सूर्य सर्वांत वर येतो तोच मुळी एकच्या सुमारास. भाचीच्या डोळ्यांच्या खोबणीत काळे डाग पडले, नाकाखाली मिशीसारखी सावली. ताई म्हणाली, "आजारी दिसतेय." ती आजारी नव्हती, घामेजलेली आणि वैतागलेली होती.

शिवाय कॅमेरा मी नेलाच नव्हता. फोनचा पोर्ट्रेट मोड पुरेल असं मीच म्हणालो होतो. भाचीचे केस कुरळे, त्यावर चष्मा. फोन मागचं धूसर करतो ते हिशेबानं, कुठे कडा संपते याचा अंदाज बांधून. कुरळ्या केसांच्या बाहेरच्या बटा त्यानं पार्श्वभूमीत जमा केल्या आणि चष्म्याची डावी काडी अर्धी खाऊन टाकली. छोट्या पडद्यावर हे कळत नाही, घरी टीव्हीवर लावल्यावर कळलं.

तिसरी चूक अंतराची. फोनचा मुख्य कॅमेरा रुंद बघतो, चेहरा मोठा हवा म्हणून मी जवळ जवळ जात राहिलो. नाकापासून कानापर्यंत सुमारे १२ सेंटिमीटर धरा. कॅमेरा नाकापासून ५० सेंटिमीटरवर असेल तर कान ६२वर, म्हणजे जवळजवळ पाव पट लांब, आणि त्याच प्रमाणात तो लहान दिसतो. तोच कॅमेरा २ मीटर मागे नेला तर २०० आणि २१२, फरक जाणवतसुद्धा नाही. नाक मोठं दिसतं ते अंतरामुळे, लेन्स बिचारी फुकट बदनाम होते. लांब लेन्सचा उपयोग एवढाच, की दोन मीटरवर उभं राहूनही चेहरा चौकटभर मिळतो.

भाचीनं शांतपणे एकशे चाळीसच्या एकशे चाळीस फोटो पुसले. "मामा, माझं नाक असं आहे?" मी अंतराचं गणित सांगायला गेलो. तिला त्यातलं काही ऐकायचं नव्हतं.

गॅरेज

मर्यादेतली मोठी रक्कम एका वस्तूवर गेली. ५० मिलिमीटरची, एफ १.८ची लेन्स. (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते आणि मागचं जास्त धूसर होतं.) कॅननची ही लेन्स २०१५मध्ये आली, तेव्हा नवी सव्वाशे डॉलरच्या आसपास होती. मी वापरलेली घेतली, पंच्याऐंशीला. टी६आयचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, लहान असल्यानं त्याच्यावर ही लेन्स ८० मिलिमीटरसारखी वागते, आणि डोकं-खांदे पकडायला आपोआप सहा फूट मागे सरकावं लागतं. नाकाचा प्रश्न मिटला.

आता प्रकाश. स्टुडिओचे दिवे भाड्यानं आणायचे का, अशी चर्चा सुरू असताना भाचीनं गॅरेजचं दार वर केलं आणि दाजींना म्हणाली, "बाबा, इथे उभे राहा. आता दोन पावलं आत." मला वाटलं कचऱ्याचे डबे सरकवायचेत. तिनं फोनवर त्यांचा साधा फोटो काढून दाखवला आणि मी गप्प झालो.

अमेरिकन घराचं गॅरेज म्हणजे तयार स्टुडिओ असतो, फक्त त्यात बर्फ ढकलायचं फावडं आणि तांदळाची पोती असतात. दार सोळा फूट रुंद. त्या उंबऱ्यापासून दोन फूट आत, तोंड बाहेर करून उभं राहिलं की समोरचं सगळं आभाळ एका प्रचंड खिडकीसारखं चेहऱ्यावर येतं. थेट ऊन नाही, डोक्यावर छप्पर असल्यानं वरून सावली पाडणारा उजेडही नाही. डोळ्यांत आभाळाचा पांढरा चौकोन चमकतो. मागे गॅरेज खोल आणि अंधारं, त्यामुळे पार्श्वभूमी आपोआप काळी. ताईंचं दार उत्तरेकडे आहे हे नशीब, नाहीतर सकाळ-संध्याकाळ पाहून वेळ धरावी लागली असती.

तरी पहिल्या दहा फोटोंत चेहऱ्याची एक बाजू तांबूस. ताईनं गालाला हात लावून ताप पाहिला! मी कॅमेऱ्याच्या रंगाच्या सेटिंगमध्ये पंधरा मिनिटं घालवली. शेवटी मान वळवून पाहिलं तर दाजींची लाल गाडी ड्राइव्हवेवर उन्हात उभी. तिच्या दाराला लागून उजेड थेट भाचीच्या गालावर येत होता. गाडी रस्त्यावर नेली, ताप उतरला. हिरवळीच्या कडेला उभं राहिलं की हनुवटीखाली हिरवट झाक येते, तीही याच जातीची.

आमचा ड्राइव्हवे डांबरी, काळा, खालून काहीच उजेड परत देत नाही. त्यासाठी डॉलर ट्री या स्वस्त दुकानातून सव्वा डॉलरचा एक, असे दोन पांढरे फोम बोर्ड आणले. ताईनं एक भाचीच्या कमरेजवळ आडवा धरला, आरतीचं ताट धरतात तसा. हनुवटीखालचा अंधार निवळला. दुसरा बोर्ड पडूनच राहिला, शेवटी त्यावर दाजी बसले.

चष्म्यावर आभाळाचा पांढरा पडदा येत होता. चष्मा काढून फोटो काढला की ती ती दिसत नाही. उपाय फुकटचा निघाला: काड्या कानांवरून केसभर उचलायच्या, म्हणजे काचा किंचित खाली झुकतात आणि प्रतिबिंब जमिनीकडे जातं. समोरून कोणाला कळत नाही.

मागे मात्र तांदळाचं पोतं आणि सायकल दिसत होती. काळी चादर टांगली तर तिच्या घड्यांच्या रेषा उठल्या. मग ताईनं गोधडी आणली. सांगलीहून आलेली, आईनं हातानं शिवलेली. तिच्या इरकलीचे तुकडे, बाबांच्या धोतराचं अस्तर आणि ताईच्या शाळेच्या निळ्या पिनाफोरचा एक चौकोन. डोक्यामागे ती एवढी रंगीबेरंगी दिसली की चेहऱ्याकडे लक्षच जाईना. शेवटी चादरीलाच इस्त्री करून ती आणखी चार फूट मागे नेली. अंधारात घड्या बुडाल्या.

कॅमेऱ्याची आकडेवारी विचारणाऱ्यांसाठी: शटर १/२५० सेकंद, एफ २.८, आयएसओ २००, सगळं हातानं लावलेलं. ऑटोवर ठेवलं की एवढं काळं पाहून कॅमेरा घाबरतो आणि सगळंच उजळ करतो. भाचीचा सावळा गाल पिठासारखा दिसायला लागतो. एफ १.८ला पार्श्वभूमी छान वितळते हे खरं, पण चेहरा जरा वळलेला असला की एकच डोळा धारदार येतो. आधी मी एफ १.८चाच हट्ट धरला होता. पैसे त्याचेच दिले होते ना.

एवढं सगळं जमलं आणि तरी फोटो मेलेले.

प्रकाश चांगला, नाक योग्य, गाल योग्य, आणि मध्ये एक मुलगी पासपोर्टच्या रांगेत उभी असल्यासारखी. मी म्हणायचो, "हनुवटी खाली. जरा डावीकडे. आता हास." ताई म्हणायची, "नीट हास गं, दात दाखव." आमच्या सांगलीच्या फोटो स्टुडिओत आरशाजवळ कंगवा आणि पावडरचा डबा असायचा, आणि काका पडद्यात डोकं घालून "स्माइल" म्हणायचे. आम्ही घाबरून ओठ आवळायचो. ते काका आता मीच झालो होतो. साडेचारशे डॉलर घेणारा माणूस नेमकं काय विकतो ते मला त्या दिवशी समजलं. त्याच्याकडे असतो तसा कॅमेरा आणता येतो, प्रकाश शोधता येतो. समोरच्याला आपण बघितले जातोय हे विसरायला लावायचं, हे त्याचं खरं काम. आणि मामा आणि आई हे त्या कामाला सर्वांत नालायक उमेदवार.

भाची म्हणाली, "तुम्ही दोघं घरात जा. प्लीज."

टोपाथ

ऑक्टोबरचा तिसरा शनिवार. डेलावेअर-रॅरिटन कालव्याच्या काठी ग्रिग्जटाउनला आम्ही पावणेपाचला पोहोचलो, सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होता. हा कालवा १८३४मध्ये सुरू झाला. आयरिश मजुरांनी तो हातानं खणला, आणि काठावरून खेचरं बोटी ओढत नेत. खेचरांची ती वाट, टोपाथ, आता चालायला आणि पळायला आहे. भाची शाळेच्या क्रॉस-कंट्री संघात पळते, सरावाला इथे आलेली होती, म्हणून जागा तिनं निवडली. ताईच्या डोक्यात पैठणी होती. "कोणाच्या तरी लग्नाला आल्यासारखी दिसेन," असं म्हणून भाचीनं दाजींचा जुना निळा सुती शर्ट घातला. ताई वाटेत चार मैल बोलली नाही.

सोबत भाचीची मैत्रीण होती, तीही सीनियर, तिच्याही घरी तेच पाकीट. सौदा असा की दोघींनी एकमेकींचे काढायचे. आमचं काम सामान वाहणं आणि लांबच्या बाकावर बसणं.

पण भाचीला काही फोटो पूर्ण एकटीनं काढायचे होते. तिनं कॅमेरा ट्रायपॉडवर लावला आणि टी६आयमधली एक सोय शोधून काढली, जी मी दहा वर्षांत कधी उघडली नव्हती. सेल्फ-टायमर दहा सेकंदांनंतर एकामागून एक दोन ते दहा फोटो काढू शकतो. तिनं पाच लावले. पहिले चाळीस फोटो वाया गेले. कालव्यापलीकडची झाडं सुरेख, ती धूसर. कारण साधं: बटण दाबताना ती कॅमेऱ्यामागे असते, समोर कोणी नसतं, कॅमेरा मागच्या झाडांवर फोकस करून मोकळा होतो.

यावर दोघींनी काढलेली तोड मी बाकावरून पाहिली. उंच गवतात बसायचं नाही, कारण इथे गोचीड असतात आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होतो (नाव कनेक्टिकटमधल्या लाइम गावावरून पडलं), म्हणून ताईनं गोधडी दिली होती. मैत्रीण भाचीच्या जागी उभी राहिली आणि गोधडी चेहऱ्यासमोर पडद्यासारखी धरली. निळ्या पिनाफोरच्या चौकोनावर आईचे पांढरे धावदोऱ्याचे टाके, रांगेनं. ऑटोफोकसला असलाच ठळक फरक हवा असतो. कॅमेऱ्यानं टाके पकडले, भाचीनं लेन्सवरची कळ एमएफवर (मॅन्युअल फोकसवर) सरकवली, म्हणजे फोकस जिथल्या तिथे थांबला. मग मैत्रीण बाजूला, गोधडी खाली, भाची तिच्यावर बसली. खाली बसल्यानं चेहरा थोडा पुढे-मागे होणार म्हणून एफ ४. आठ फुटांवर त्यानं जेमतेम दीड वीत जागा धारदार मिळते, तेवढी पुरली.

सूर्य तिच्या पाठीमागे, झाडांच्या शेंड्याला टेकलेला. चेहरा सावलीत, पण समोरच्या उघड्या आभाळाचा उजेड त्यावर. कुरळ्या केसांना कडेनं सोन्याची तार लावल्यासारखी. लेन्सवर ऊन पडून चित्र पांढुरकं होत होतं, तर मैत्रिणीनं लेन्सच्या वर हात धरला. दोन-तीन फोटोंत तिची करंगळी आली आहे.

पाचांतल्या पहिल्या फोटोत भाची नेहमी ताठ. दुसरा, तिसरा जरा बरा. चौथ्या-पाचव्यापर्यंत तिला वाटायचं की संपलं, खांदे खाली यायचे, ती मैत्रिणीकडे काहीतरी बोलायला वळायची. निवडलेल्या फोटोंपैकी बहुतेक चौथे किंवा पाचवे आहेत. सहाला उजेड गेला, थंडी पडली आणि दोघी पिझ्झा मागायला लागल्या.

निवड, आणि पुसायचं किती

दोनशे बारा फोटो घरी आले. भाचीनं नऊ ठेवले. त्यात गॅरेजमधला एक, तोही आम्ही आत गेल्यावर मैत्रिणीनं काढलेला.

सुधारणा डार्कटेबल या फुकटच्या सॉफ्टवेअरवर केल्या. शिकायला दोन संध्याकाळी गेल्या, त्यातली एक शिव्या देण्यात. भाचीनं स्वतःसाठी नियम केला: पंधरा दिवसांत आपोआप जाणारं असेल तर काढायचं, राहणारं असेल तर ठेवायचं. म्हणून कपाळावरची पुटकुळी गेली, ओठाजवळचा तीळ आणि भुवईतला व्रण राहिला. मी तिचा चेहरा अर्धी पायरी उजळवून पाहिला. तिनं मागे नेला. "मामा, मी एवढी लाइट नाहीये." मी म्हटलं, जरा ताजंतवानं वाटतं. तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं.

छापताना एक धडा मिळाला. कॅमेऱ्याची चौकट तीनास दोन, आणि ८ बाय १० इंची कागद पाचास चार. म्हणजे ८ बाय १२मधले दोन इंच कुठून तरी जाणार. दुकानाच्या यंत्रानं ते वरून कापले आणि पहिल्या प्रिंटमध्ये केस छाटले गेले. चौकट आधीच घरी कापून द्यावी, आणि काढतानाच डोक्यावर जास्तीची जागा सोडावी.

पाकिटात मावणाऱ्या छोट्या फोटोंना इथे वॉलेट म्हणतात, अडीच बाय साडेतीन इंच. संचांत त्यांचेच पैसे भरमसाट. ४ बाय ६च्या साध्या प्रिंटवर असे दोन शेजारी शेजारी बसतात, थोडी कडा उरते. ताईच्या क्राफ्टच्या डब्यातला कटर काढला, वीस प्रिंटांतून चाळीस वॉलेट निघाले.

हिशेब: लेन्स ८५, फोम बोर्ड अडीच, काळी चादर ७, चिमटे ४, वीस छोटे प्रिंट ८, तीन मोठे साडेतेरा. एकूण १२० डॉलर. केस छाटलेला पहिला प्रिंट दुकानानं फुकट बदलून दिला. पिझ्झा २४ डॉलरचा, तो हिशेबात धरायचा की नाही यावर दाजींचं आणि माझं एकमत झालेलं नाही. धरला तरी १४४ होतात. माझा वेळ कोणीच धरलेला नाही, आणि माझ्याकडे कॅमेरा आधीच होता हेही सांगायला हवं. नसता तर मी मित्राकडून दोन दिवस मागून आणला असता, नवा घेतला नसता.

सांगलीचा फोटो

दोन्ही आज्यांचे प्रिंट टपालानं जायचे होते. पण ताईला धीर कुठला. तिनं टोपाथवरचा, गोधडीवर बसलेला फोटो त्याच रात्री आईला व्हॉट्सॲपवर पाठवला.

आठवड्यानं आईचा व्हिडिओ कॉल आला. तिनं तो फोटो गल्लीतल्या स्टुडिओत नेऊन मोठा करून, फ्रेम करून आणला होता आणि देवघराच्या शेजारी लावला होता. फोन फ्रेमसमोर धरला. व्हॉट्सॲपनं आकसलेली फाइल एवढी ताणल्यावर जे होतं ते झालं होतं, पण ते सोडा. स्टुडिओवाल्यानं आपुलकीनं भाचीला चांगली दोन छटा गोरी केली होती. तीळ नव्हता. कालवा, झाडं, संध्याकाळ सगळं काढून मागे ट्यूलिपची बाग लावली होती, आणि त्या बागेत ती हिरवळीवर बसली होती.

भाची काही बोलेना. मीही गप्प. ताई तेवढी म्हणाली, "छान झालाय की गं आई."

आई फोन जवळ घेऊन फ्रेमकडे निरखून पाहत होती. "ते सगळं खरं," ती म्हणाली, "पण माझी गोधडी कुठं गेली?"

भाची उठली, लॅपटॉप उघडला आणि मूळ फाइल आईच्या शेजारच्यांच्या ईमेलवर पाठवली. विषयाच्या जागी तिनं तिच्या मोडक्या देवनागरीत टाइप केलं: 'काहीच बदलू नका. गोधडी पण.'